हुर्यो उडवण्यापूर्वी

१ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ. रमजानचा एकविसावा रोजा नुकताच सोडला होता. मगरिब पढून परत आलो, तर आमच्या ओटीवर मोहल्ल्यातली पाच-सहा मुले एका मोबाइलभोवती गोळा झालेली. वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता. नाणेफेकीचे दृश्य पुन्हा दाखवत होते. संजय मांजरेकरांनी मुंबईचा कप्तान म्हणून हार्दिक पंड्याचे नाव घेतले आणि अख्खे मैदान त्याची हुर्यो उडवू लागले. नीट वागा, असे मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावे लागले. ओटीवरच्या मुलांनी मैदानाला साथ दिली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही दिली. तोंडात अजून खजुराची गोडी होती आणि त्याच तोंडाने आम्ही एका माणसाची हुर्यो उडवली.

मुलांतला सातवीतला एक जण मात्र गप्प होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, आपण मुंबईवालेच ना? मग आपल्याच कप्तानाला का?"

आम्ही म्हणालो, "तू मॅच बघ."

मुलाचा प्रश्न असा परतवून लावू नये, हे बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले होते. पण आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो सामनाही मुंबईने गमावला. त्या मोसमातला तो सलग तिसरा पराभव. आम्ही तरावीहला गेलो, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आपला संघ हरत असताना चाहत्याचे त्याच्याशी नाते काय असावे? टीका करण्याचा हक्क त्याला कुठपर्यंत आहे? आणि वफादारी म्हणजे नेमके काय?

खेळात कसली आली नीती, असे काही वाचक म्हणतील. पण आमची मुले फर्ज नमाजेला जेवढा वेळ देतात, त्याहून अधिक वेळ या सामन्यांपुढे बसतात. माणसाला आपले म्हणायचे कसे आणि टाकायचे कसे, याचे धडे ती तिथे घेत असतात. ते धडे तपासून पाहणे हे शिक्षकाचे कामच आहे.

तळ्यातल्या माणसाने मुंबईच्या संघाला आपले का म्हणावे, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. आमच्या घराघरांतले कुणी ना कुणी मुंबईत आहे. उरलेले कुवेत, दुबई, सौदीत आहेत, पण तेही गेले मुंबईवरूनच. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम परकार मुंबईकडून खेळले आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या कसोटी संघात उतरले. ही गोष्ट आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येते. तेव्हा मुंबई आमची, आणि मुंबईचा संघही आमचा, असा सरळ हिशेब.

या संघाने सुखही भरपूर दिले. रोहित शर्माच्या हाताखाली २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच अजिंक्यपदे. मग २०२२ उजाडले. पहिले आठ सामने ओळीने गमावून संघ शेवटच्या क्रमांकावर गेला. २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले. चौदा सामन्यांत चार विजय आणि तळाचा दहावा क्रमांक. मधल्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, मालकांनी रोहितला काढून गुजरातहून परत आणलेल्या हार्दिकला कप्तान केले होते. निर्णय मालकांचा, पण मालक काही नाणेफेकीला येत नाही. हुर्यो आली ती खेळाडूच्या वाट्याला. अहमदाबादेत तो सोडून गेला म्हणून ओरडले, मुंबईत तो आला म्हणून ओरडले.

आता हुर्यो उडवणाऱ्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तो म्हणेल, हा संघ म्हणजे एक कंपनी आहे. खेळाडू लिलावात विकत घेतले जातात. यंदा आमच्याकडे, पुढच्या वर्षी दुसरीकडे. मग निष्ठेचे ओझे एकट्या चाहत्यानेच का वाहावे? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुणे वॉरियर्स हा संघ आठवून पाहा. २०११ ते २०१३ असे तीन मोसम तो खेळला. तिन्ही वर्षे तळाशी किंवा तळाजवळ राहिला आणि मग मालक आणि मंडळाच्या पैशाच्या भांडणात बंदच पडला. त्या संघासाठी ज्यांनी तीन उन्हाळे जीव जाळला, त्यांना कुणी विचारलेदेखील नाही.

याहून कडू अनुभव अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचा आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्यांच्या खेळात, ब्राउन्स नावाचा संघ आहे. १९९५ च्या मोसमानंतर मालकाने पूर्ण संघ उचलून बाल्टिमोरला नेला. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले. शेवटी संघाचे नाव, रंग आणि इतिहास शहराकडे राहील असे ठरले आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. पण तो हरतच राहिला. २०१७ च्या मोसमात सोळापैकी सोळा सामने हरला. त्यावर चाहत्यांनी काय करावे? ६ जानेवारी २०१८ रोजी कडाक्याच्या थंडीत हजारो जण मैदानाभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढून चालले. ती थट्टा होती, निषेधही होता. तिच्यासाठी जमलेल्या पैशातून उरलेली रक्कम भुकेल्यांसाठी चालणाऱ्या अन्नपेढीला दिली गेली. निषेध संघाच्या कारभाराचा होता, त्यात कुणा एका खेळाडूला उभे करून सोललेले नव्हते. आणि निषेध करणारे घरी निघून गेलेले लोक नव्हते. सोळा पराभव त्यांनी बसून पाहिले होते.

इथे आम्हाला पहिला धागा सापडला. टीकेचा हक्क जो टिकून राहतो त्याचा असतो. आणि टिकून राहणे म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे.

आपल्या दीनमध्ये ही गोष्ट फार स्पष्टपणे सांगितली आहे. भाऊ जालीम असो वा मजलूम, त्याला मदत करा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा साथीदारांना प्रश्न पडला की जालीम भावाला मदत कशी करायची? उत्तर मिळाले की त्याचा हात जुलमापासून रोखणे हीच त्याला मदत. बुखारी शरीफमधली ही हदीस आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. आपल्या माणसाची चूक झाकणे ही वफादारी नाही, ती दाखवणे ही आहे. म्हणून संघ वाईट खेळला तर वाईट खेळला म्हणावे. गोलंदाज चुकीच्या वेळी आणला तर तसे म्हणावे. मालकांनी पाच अजिंक्यपदे देणाऱ्या माणसाला ज्या रीतीने बाजूला केले, ते आवडले नसेल तर तेही ठणकावून म्हणावे. यात काहीही गैर नाही.

गैर सुरू होते ते पुढच्या पायरीवर. "तो वाईट खेळला" इथून आपण "त्याची नीयतच वाईट आहे" इथे जातो. ही पायरी इतकी गुळगुळीत आहे की पाय कधी घसरला हे कळत नाही. आणि या पायरीबद्दल इतर कुणापेक्षा आपल्याला, म्हणजे या अंकाच्या वाचकांना, अधिक कळायला हवे.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही. पण समाजमाध्यमांवर शिव्यांचा पाऊस पडला तो मोहम्मद शमीवर. त्याच्या षटकांत धावा जास्त गेल्या होत्या, हे खरे. पण शिव्या धावांबद्दल नव्हत्या, नावाबद्दल होत्या. त्या रात्री आमच्या मोहल्ल्यात किती जण जेवले नसतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या माणसाने हसत हसत विचारले, "काय सर, काल खूश ना?" तो वाईट माणूस नव्हे. आमच्या घरच्या लग्नात जेवून गेलेला. पण त्या एका प्रश्नाने आमच्या काळजाची झडती घेतली. आम्ही चहा अर्धा टाकून उठलो.

तेव्हा कप्तान असलेला विराट कोहली काही दिवसांनी पत्रकारांपुढे शमीच्या पाठीशी उभा राहिला. धर्मावरून माणसाला लक्ष्य करणे ही अत्यंत हीन गोष्ट आहे, अशा अर्थाचे तो स्पष्ट बोलला. आम्हाला त्याचा फार आधार वाटला.

पण गोष्ट इथे संपवली तर आम्ही अर्धेच खरे सांगितले असे होईल. पराभवानंतर घरावर चालून जाण्याचा रोग फक्त आपल्याच नावांच्या वाट्याला आलेला नाही. २००३ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाकडून हरल्यावर अलाहाबादेत मोहम्मद कैफच्या घराला काळे फासले गेले. २००७ मध्ये बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. जमावाला हात साफ करायला कुणीही चालतो. नाव आपले असले की त्यात आणखी एक जहर मिसळते, एवढेच.

आणि ते जहर आपल्याकडेही आहे. मार्च २०२५ मध्ये दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात शमी मैदानावर पाणी की सरबत पिताना दिसला. रमजान चालू होता. लगेच एका मौलानासाहेबांनी त्याला गुन्हेगार ठरवले. आमच्या मोबाइलवरच्या गटांतही दोन दिवस हीच चर्चा. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुराणाने दिली आहे, हे सूरह बकरा शिकलेला मुलगाही सांगेल. पण ते कुणाला आठवले नाही. म्हणजे पाहा, २०२१ मध्ये एका जमावाने शमीची देशावरची वफादारी तपासली आणि २०२५ मध्ये दुसऱ्या जमावाने त्याची अल्लाहवरची वफादारी तपासली. माणूस तोच, तपासणारे वेगळे, तपासण्याची खोड मात्र एकच.

हजरत उसामा (रजि.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. लढाईत समोरच्याने कलमा पढला, तरी त्यांनी त्याला मारले. जिवाच्या भीतीने पढला असेल, असे त्यांना वाटले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की तू त्याचे काळीज चिरून पाहिले होतेस काय? हा प्रश्न इतका जड आहे की रणांगणावरही माणसाला दुसऱ्याच्या मनाचा न्याय करण्याचा अधिकार उरत नाही. मग मैदानाबाहेर, ओटीवर, वजरी डाळीची भजी खात आपल्याला तो कुठून मिळाला?

उहुदच्या लढाईकडेही आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे आम्हाला वाटते. लढाई आणि चेंडूफळी यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही; शिकवण तेवढी घेतो. हिजरी सन ३ मध्ये टेकडीवर नेमलेले तिरंदाज, हुकूम नसताना, जागा सोडून लूट गोळा करायला खाली उतरले आणि जिंकत आलेली लढाई उलटली. प्रेषित (स.) स्वतः जखमी झाले, हजरत हमजा (रजि.) शहीद झाले. चूक कुणाची होती, हे सर्वांना माहीत होते. चुकीला चूक म्हटलेही गेले. त्यानंतर सूरह आले-इम्रानमध्ये त्या माणसांशी मृदूपणे वागल्याची प्रशंसा आली. त्यांना माफ करावे, त्यांच्यासाठी दुआ करावी आणि कामात त्यांचाच सल्ला घ्यावा, असे सांगितले गेले. कठोर झाला असता तर ते सारे विखुरले असते, हेही कारण दिले. चूक सांगा, माणूस मात्र ठेवा, असा याचा अर्थ आम्ही घेतो. पराभवानंतर कसे वागावे याचा याहून मोठा धडा आम्हाला ठाऊक नाही.

आता पुन्हा वानखेडेवर येऊ. ११ एप्रिल २०२४. त्या दिवशी ईद होती. रात्री मुंबईचा सामना बंगळूरशी. हार्दिक फलंदाजीला आला आणि पुन्हा हुर्यो सुरू झाली. तेव्हा क्षेत्ररक्षण करणाऱ्या कोहलीने प्रेक्षकांकडे वळून हे थांबवा, अशी खूण केली. समोरच्या संघातला माणूस आमच्या कप्तानाची इज्जत आमच्यापासून वाचवत होता. शमीच्या वेळी ज्याचा आम्हाला आधार वाटला, तोच माणूस. तेव्हा आम्ही मार खाणाऱ्यांच्या बाजूला होतो आणि आता मारणाऱ्यांच्या. ईदचा शीरखुर्मा त्या रात्री आम्हाला गोड लागला नाही.

पुढची हकीकत सर्वांना माहीत आहे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक हार्दिकने टाकले. दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला संघ वानखेडेवर आला, तेव्हा तेच मैदान हार्दिकच्या नावाचा गजर करत होते. शमीचेही तसेच झाले होते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी याच वानखेडेवर त्याने न्यूझीलंडचे सात गडी ५७ धावांत बाद केले आणि सारा देश त्याच्या नावाने नाचला.

लोक म्हणतात, बघा, देशाने त्यांना माफ केले. आम्हाला हे पटत नाही. विजय घेऊन दिलेली माफी ही माफी नव्हे, तो सौदा आहे. सात गडी बाद केल्यावर शमी वफादार ठरला, याचा अर्थ गडी मिळाले नसते तर तो वफादार ठरला नसता. बार्बाडोसला शेवटच्या षटकात मिलरचा झेल सूर्यकुमारच्या हातून सुटला असता, तर हार्दिकची नीयत पुन्हा बाजारात आली असती. माणसाची इज्जत झेलावर टांगून ठेवायची नसते. ती त्याला जन्माने मिळालेली असते.

सब्र ठेवला तर संघ कधीतरी जिंकतो, असेही आम्ही सांगणार नाही. कधी जिंकतो. कबड्डीतली पुणेरी पलटण २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही मोसमांत तळाला होती. तिने १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला हरवून अजिंक्यपद मिळवले; कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. आमच्या रायगडात, जिथे गावागावांत कबड्डीची मैदाने आहेत, ही बातमी मोठ्या आनंदाने वाचली गेली. मुंबई इंडियन्सही २०२५ मध्ये हार्दिकच्याच हाताखाली बाद फेरीत पोहोचली. पण पुणे वॉरियर्सला तसा दिवस उगवलाच नाही. म्हणून उद्या जिंकेल या आशेवर आज साथ देणे, हीही वफादारीची कच्ची जात झाली. पक्की वफादारी ती, जिला निकालाची अट नाही.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण मात्र वानखेडे नाही. ते आमच्याच हातून घडलेले आहे.

२०२३ च्या डिसेंबरात, भात कापून झाल्यावर, खाचरातल्या मैदानावर आमच्या शाळेच्या मुलांचा एक सामना होता. टेनिस चेंडूचा, सहा षटकांचा. शेवटच्या षटकात एका मुलाच्या हातून सोपा झेल सुटला आणि आम्ही हरलो. आम्ही सर्वांसमोर त्याला म्हणालो, "तुझ्यामुळे हरलो. लक्षच नव्हते तुझे." लक्ष नव्हते, हे आम्ही कशावरून म्हणालो? त्याचे काळीज आम्ही थोडेच पाहिले होते? आम्ही एक वाक्य बोलून मोकळे झालो. मुलांनी तेच वाक्य उचलले आणि महिनाभर त्याला त्याच नावाने चिडवले. तो मैदानावर येईनासा झाला. आम्हाला ते दिसत होते, पण आमच्यामुळे झाले आहे हे दिसत नव्हते.

ओटीवर प्रश्न विचारणारा सातवीतला मुलगा तोच होता. "आपल्याच कप्तानाला का?" हा प्रश्न त्याने कुणाबद्दल विचारला होता, हे आम्हाला ईदच्या रात्री उमगले.

ईदनंतर शाळा भरली, तेव्हा आम्ही त्याला वर्गासमोर उभे केले नाही. स्वतःच उभे राहिलो. सांगितले, त्या दिवशी झेल सुटला ही खेळातली चूक होती आणि आम्ही जे बोललो ती आमची चूक होती. दोन्ही चुका एका मापाच्या नाहीत. मुले गप्प झाली. तो खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत होता. माफी मागितली म्हणून सारे लगेच नीट होते, असे नाही. मैदानावर परतायला त्याला पावसाळा जाऊ द्यावा लागला.

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा खेळायला उतरला. वाचकांना वाटेल की त्याने आता अवघड झेल घेतला असेल. नाही. त्याच्या हातून पुन्हा एक झेल सुटला. मुलांनी झटकन आमच्याकडे पाहिले. सर काय म्हणतात, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

आम्ही म्हणालो, "हात जरा लवकर उघडले बेटा, चेंडू येऊ दे. पुढचा बघ."

तो सामनाही आम्ही हरलो. घरी येताना तो मुलगा आमच्या पुढेच चालत होता, इतर मुलांच्या घोळक्यात, मोठमोठ्याने भांडत. कुणाचे षटक चुकले, कुणी धाव घ्यायला नको होती, यावर वाद चालला होता.